पन्नाशी, सात गोदरेज कपाटं आणि एक 'ब्रँड स्टोरी'

भट्टीवरचा

मंडळी, जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

आमची फाउंड्री. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीतली, पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग ओतणारी. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील. १९७६ ची सुरुवात, म्हणजे पन्नाशी. मी इथे बावीस वर्षं आहे. कागदावर एच.आर. आणि अ‍ॅडमिन, प्रत्यक्षात कँटीनच्या सिलिंडरपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळं.

धाकट्या साहेबांनी पन्नाशीनिमित्त पुस्तक काढायचं ठरवलं. पुस्तक, एक छोटी फिल्म आणि रिसेप्शनच्या भिंतीवर 'आमचा प्रवास'. त्यासाठी एक एजन्सी आली. दोन मुलं, एक मुलगी, हुशार होती. साहेबांशी दोन तास बोलली आणि आठवड्याभरात गोष्ट लिहून आणली. पहिलं वाक्य: 'आबासाहेब खिशात दोनशे रुपये घेऊन एसटी स्टँडवर उतरले.' हे वाक्य मी आमच्याच एमआयडीसीतल्या आणखी दोन कंपन्यांच्या स्मरणिकांत वाचलंय. एकात रक्कम पन्नास होती, दुसऱ्यात स्टँडऐवजी रेल्वे स्टेशन.

मग मला फर्मान: "जुने दहा-बारा चांगले फोटो काढून द्या." पॅटर्न शॉपच्या मागे एक खोली आहे, तिथे सात गोदरेज कपाटं. दोनाच्या किल्ल्या नाहीत. पाच उघडली आणि फोटो राहिले बाजूला, मी चार दिवस तिथेच. कपोला भट्टीची (लोखंड वितळवायची उभी भट्टी) लॉगबुकं १९७७ पासूनची, कोणत्या दिवशी किती चार्ज (भट्टीत माल भरण्याच्या खेपा), किती कोक, किती माल रिजेक्ट. डिस्पॅच रजिस्टरं. हजेरीपटांचे गठ्ठे. अमोनिया प्रिंटच्या, म्हणजे ड्रॉइंगांच्या जुन्या पद्धतीच्या प्रतींच्या भेंडोळ्या. १९८४ च्या संपाची फाइल, त्यात हाताने रंगवलेली दोन पोस्टरं. गिऱ्हाइकांच्या शिव्यांची पत्रं (ही फारच छान आहेत). आणि सहकारी बँकेची पहिली कर्जाची फाइल.

त्या फाइलमध्ये तारणाची यादी आहे. सोन्याच्या पाटल्या तीन, गोठ एक जोड, मोहनमाळ एक. कर्जदार आबासाहेब, दागिन्यांवर सही बाईंची. आईसाहेबांची. दोनशे रुपयांचा कुठेच पत्ता नाही.

आता मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ह्या कागदांचं करायचं काय? असल्या कागदांतून कंपनीची गोष्ट सांगायचा काही रीतसर मार्ग आहे का? आणि पाटल्यांचं साहेबांना सांगू की फाइल होती तिथे ठेवू?

(एक कबुलीही देऊन टाकतो. २०११ मध्ये ऑफिस हलवलं तेव्हा टेम्पोभर जुने कागद रद्दीत गेले. गेटपासवर सही माझीच आहे.)

खमंग

वाखूसा (वाचनखूण साठवली). बाकी असली पुस्तकं कोण वाचतं हो? आमच्याकडे एक आहे, गुळगुळीत कागदाचं, दोन किलोचं. डोसा बॅटरवर झाकण म्हणून उत्तम.

पान_पलटी

धागा वाचून हात शिवशिवले. मी पुण्यात अभिलेखागारात काम केलंय, कॉर्पोरेट नाही, पण त्या लोकांशी ऊठबस होती. पुण्यातच दोन आहेत: रिझर्व्ह बँकेचं, १९८१ चं, आणि टाटांचं, मंगळदास रोडला.

तुम्ही 'रीतसर मार्ग' विचारलात. त्यावर तुमच्याच कपाटांच्या कंपनीचं उदाहरण देते. गोदरेजनं २००६ मध्ये विक्रोळीला स्वतःचं अभिलेखागार सुरू केलं. तोवर कंपनी शंभरी ओलांडून गेलेली, १८९७ ची ना ती. त्यांची आज सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट कोणती? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या. १९५१ मध्ये विक्रोळीच्या कारखान्यात काही महिन्यांत बारा लाखांहून जास्त पोलादी पेट्या बनल्या, पेटी साधारण पाच रुपयांना. आता हे आकडे म्हणून ठीक आहे. खरी मजा कुलपाची. बाहेरून कुलूप लावलं तर त्या किमतीत पेटी बसेना. मग कुलूप आतच बसवायची युक्ती निघाली, आणि ती काढली शॉपफ्लोअरवरच्या एका कामगारानं. ही कुलपाची गोष्ट निवृत्त माणसांना बसवून, बोलतं करून मिळाली.

म्हणजे कागद, वर्तमानपत्राचं कात्रण, प्रत्यक्ष वस्तू आणि माणसाची आठवण, चारही एकमेकांशेजारी ठेवल्यावर गोष्ट उभी राहते. एजन्सीनं तुमच्याकडे फक्त चौथी घेतली, तीही एकाच माणसाची, आणि तो माणूस १९७६ मध्ये बहुधा चड्डीत असणार.

कागदांबद्दल वेगळा प्रतिसाद टाकते, आधी एक हात जोडून विनंती: काहीही लॅमिनेट करू नका.

भट्टीवरचा

ताई, दोन फोटो कालच लॅमिनेट झाले. आणि १९७६ मध्ये साहेब अडीच वर्षांचे होते. चड्डीसुद्धा नव्हती.

पान_पलटी

बरं. तिसरा करू नका.

कपाटातल्या फायलींचा क्रम मोडू नका. विषयवार, वर्षवार लावायची खुमखुमी येते, आवरा. कोणती फाइल कोणत्या फायलीशेजारी होती हीही माहितीच असते. आधी नुसती यादी करा, कपाट, खण, फाइल. मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नव्हे. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा, रबरबँड फेका, सेलोटेप कुठेही लावू नका. अमोनिया प्रिंट उजेडात ठेवल्या की काही महिन्यांत पुसट होतात, त्यामुळे भिंतीवर लावायची असेल तर स्कॅनची प्रत लावा. स्कॅन निदान ३०० डीपीआय, टिफमध्ये, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. वाळवी दिसली तर ते कपाट आधी वेगळं काढा. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून थोडी वर. आणि खोलीच्या वर पाण्याची टाकी नाही ना, ते बघा. माझ्या नोकरीत वाळवीपेक्षा टाक्यांनी जास्त कागद खाल्लेत.

कथेकरी

मी ह्याच धंद्यातला. एजन्सीच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं.

ग्राहक पैसे देतो बारा पानांचे. वेळ देतो सहा आठवडे. तुमची ती कोकची लॉगबुकं वाचायला कोण बसणार? आणि वाचून ब्रँडला काय मिळणार? गोष्ट म्हणजे निवड. सगळे कागद छापले तर त्याला गॅझेटियर म्हणतात. दोनशे रुपये हे रूपक आहे हो, वाचणाऱ्यालाही कळतं.

मतपेट्यांचं उदाहरण चांगलं आहे, पण ती गोष्ट चालते कारण दर पाच वर्षांनी निवडणूक येते आणि दर वेळी पत्रकारांना ती हवी असते. तुमच्या व्हॉल्व्हची निवडणूक कधी येणार?

काळाघोडा

@कथेकरी, रूपक म्हणून जे सुरू होतं ते तीस वर्षांत इतिहास होऊन बसतं. ताजमहाल हॉटेल घ्या. जमशेटजी टाटांना गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट अख्ख्या मुंबईला पाठ. ठोस समकालीन पुरावा मात्र कोणी दाखवत नाही, अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेत. गोष्ट गोड आहे, त्यामुळे चालते.

त्याहून वाईट दुसरी. ताज 'उलटं' बांधलं गेलं, ते बघून वास्तुविशारदानं वरून उडी मारली, ही. टूरिस्ट गाइड अजून सांगतात. प्रत्यक्षात मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्ण केलं आणि डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. दर्शनी बाजू शहराकडे ठेवणं हा आराखड्याचाच भाग होता. बघा, उडी मारणारा निनावी साहेब सगळ्यांना माहीत, वैद्य नावाचा मराठी माणूस कुणालाच नाही. खोटी गोष्ट नुसती खोटी नसते, ती खऱ्या माणसाची जागा अडवून बसते.

भट्टीवरचे, तुमच्याकडे ती जागा आईसाहेबांची आहे.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथे ह्या विषयावर फार ठेचा लागल्यात. एसेनच्या क्रुपनं १९०५ मध्येच कंपनीचं अभिलेखागार काढलं, म्हणजे कागद ठेवायची हौस जुनी. पण कागद असणं आणि ते उघडून बघणं वेगळं.

बर्टेल्समान ही प्रकाशनातली मोठी कंपनी, गुटर्सलोची, १८३५ ची, धार्मिक पुस्तकांपासून सुरुवात. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेतलं रँडम हाउस घेतलं आणि त्या सुमारास कंपनीची लाडकी गोष्ट न्यूयॉर्कमध्ये ऐकवली: आम्ही नाझींच्या विरोधात होतो, म्हणून त्यांनी आम्हाला बंद पाडलं. एका संशोधकानं जाहीर शंका घेतली. कंपनीनं मग इतिहासकार साउल फ्रीडलेंडर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला आणि कागद खुले केले. २००२ मध्ये अहवाल आला. कंपनीनं जर्मन सैन्यासाठी सुमारे १ कोटी ९० लाख पुस्तकं छापून विकली होती. प्रतिकाराची गोष्ट टिकली नाही.

मला ह्यात दोन्ही बाजू दिसतात. ती गोष्ट सांगणारे लोक बहुधा मुद्दाम खोटं बोलत नव्हते, त्यांनी ती आधीच्या पिढीकडून ऐकलेली होती. स्मरणिकांमधून स्मरणिकांमध्ये उतरवत गेलेली. तुमच्या दोनशे रुपयांसारखीच. फरक इतकाच की त्यांच्या कपाटात काय निघालं आणि तुमच्या कपाटात काय निघालं! लाजण्यासारखं तुमच्याकडे काय आहे? उलट.

खमंग

डोसा बॅटरवाला प्रतिसाद मागे घेतो. चालू द्या.

सोळा_नंबर

मी ३१ वर्षं मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा, होतो. दुसऱ्या एका फाउंड्रीत. तिकीट नंबर सोळा.

आमच्या कंपनीनं पंचवीस वर्षांची स्मरणिका काढली होती. त्यात आमच्या खात्याचा फोटो आहे. चाळीसएक माणसं आहेत. खाली लिहिलंय 'कामगारवर्ग'. पुढच्या पानावर मालक बंगल्यासमोर कुत्र्याबरोबर आहेत. खाली कुत्र्याचं नाव आहे.

तुमच्याकडे हजेरीपट आहेत म्हणालात. त्यात सगळ्यांची नावं असणार. बाकी मला त्या स्टोरीतलं कळत नाही.

आणि लॉगबुकाबद्दल त्या साहेबांनी विचारलं. कपोलाचं बुक वाचता येणाऱ्याला त्यात सगळं दिसतं. कोक ओला आला तो दिवस, लाइट गेली तो दिवस, माल अर्धवट ओतून भट्टी खाली करावी लागली तो दिवस. शेरा बघा. ज्याचा हात भाजला त्याचं नाव शेऱ्यात असतं कधी कधी.

कथेकरी

काका, कुत्र्याचं वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. एक स्मरणिका मीही अशीच केलीय, फोटोखाली 'आमचा परिवार' असं लिहून.

भट्टीवरचे, शेऱ्यांच्या रकान्याचा एखादा फोटो टाकाल का?

सीएस_बाई

मी कंपनी सेक्रेटरी, म्हणून रुक्ष मुद्दा. कागद रद्दीत का जातात? कारण कायद्यानं हिशेबाची पुस्तकं निदान ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात आणि नवव्या वर्षी अकाउंट्सवाले टेम्पो बोलावतात. सभांची इतिवृत्तं मात्र कायमची ठेवायची. म्हणजे कायद्याच्या कृपेनं जे उरतं ते इतिवृत्त, आणि इतिवृत्तात भांडण कधीच नसतं, 'चर्चेअंती सर्वानुमते' असतं. गोष्ट पत्रव्यवहारात असते आणि तो ठेवायची सक्ती कुणावर नाही. २०११ च्या टेम्पोबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका, तो टेम्पो देशभर फिरतो.

छापताना तीन गोष्टी सांभाळा. हजेरीपटातली नावं वापरा, पण पगार, आजारपण, मेमो, कोर्टकचेऱ्या नकोत, ती माणसं किंवा त्यांची मुलं गावातच आहेत. गिऱ्हाइकांची शिव्यांची पत्रं तुमच्या कपाटात असली तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, सरसकट छापू नका. आणि बँकेची फाइल ही आईसाहेबांची खाजगी बाब आहे. साहेबांना विचारायच्या आधी त्यांना विचारा. त्या आहेत ना?

भट्टीवरचा

आहेत. पंच्याऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत.

मोडीवेडा

उशिरा आलो. कंपनीची गोष्ट म्हटलं की सगळे अमेरिकेकडे बघतात, म्हणून आठवण करून देतो की ह्या बाबतीत मराठीचं घर भरलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या संस्थानात, कुंडल स्टेशनाजवळ निवडुंगाच्या माळावर कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी वसवली. शेतकरी लोखंडी नांगर घेईनात, लोखंडानं जमीन नासते अशी समजूत. माल चांगला, पण समजावून सांगणार कसं? १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं मुखपत्र. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: नावातली 'खबर' गळली, 'स्त्री' आलं १९३० मध्ये, 'मनोहर' १९३४ मध्ये. नांगराच्या कारखान्याच्या पोटी मराठीतली तीन मासिकं!

माझा मुद्दा असा की जुने अंक चाळले की कारखाना कळतोच, पण वाचक जास्त कळतो, कुणाशी बोलायचं होतं ते कळतं. तुमच्या फाउंड्रीत कधी भित्तिपत्रक, दिवाळीची चोपडी, युनियनचं पत्रक असलं काही निघत होतं का? ते शोधा. जाहिरातीपेक्षा ते बोलकं असतं.

आणि तुमची १९७६ ची म्हणजे मोडीची भानगड नाही. पण ज्यांच्या पेढ्या, गिरण्या, छापखाने त्याआधीचे आहेत त्यांनी ऐका: आजोबांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या बऱ्याचदा मोडीत असतात. वाचता येत नाही म्हणून घरचे त्या रद्दीत देतात. एका पेढीच्या चोपड्या मी रद्दीवाल्याच्या तराजूवरून उचलल्यात. किलोवर.

पान_पलटी

@मोडीवेडा +१. आणि @कथेकरी, तुमच्या 'व्हॉल्व्हची निवडणूक' प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. तुमचं म्हणणं मला पटतं, गोष्टीला निमित्त लागतं. पण कोणतं निमित्त येणार हे आधी कळत नाही. पेट्या बनवल्या तेव्हा कुणाला ठाऊक होतं? म्हणून ठेवणारा आणि निवडणारा हे दोन वेगळे माणूस असावेत. ठेवणाऱ्यानं 'हे ब्रँडला उपयोगी आहे का' हा प्रश्नच विचारायचा नाही. तो तुम्ही विचारा, नंतर, दरवाज्याच्या बाहेर उभं राहून.

कथेकरी

दरवाज्याबाहेर उभा आहे. शेऱ्याचा फोटो अजून आला नाही.

भट्टीवरचा

आलो, घ्या. पाच दिवस इकडे फिरकलो नाही, त्याचं कारण सांगतो.

आधी शेरा. फोटो अपलोड होत नाही, म्हणून उतरवून देतो. जुलै १९८२, रात्रपाळी: 'पाऊस छपरातून भट्टीवर. ताडपत्री धरून उभे: शंकर, इस्माईल, बाळू. चार्ज ११. माल ठीक.' एवढंच. पण हे वाचल्यावर धाकट्या साहेबांनी 'आमचा प्रवास' मधलं ढगांचं डिझाइन स्वतःहून काढायला लावलं. भिंतीवर आता हे पान मोठं करून लागतंय. तिघांतल्या बाळूमामांचा मुलगा आमच्याच मशीन शॉपमध्ये आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही, म्हणजे बाप ताडपत्री धरून उभा होता हे.

संपाची फाइल साहेबांनी नाही म्हटलं. मी वाद घातला नाही. पण पोस्टरं सपाट करून, मधे कागद घालून ठेवली आहेत, यादीत क्रमांक आहे. पान_पलटी ताई, तुमच्या 'ठेवणारा वेगळा' ह्या नियमावर ढकललं.

आता पाटल्या. सीएस बाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी आईसाहेबांकडे गेलो, झेरॉक्स घेऊन. बंगल्याच्या पडवीत बसल्या होत्या, शेंगा निवडत. यादी मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली. मला वाटलं डोळ्यांत पाणी येणार, मी मनातल्या मनात फिल्मचा शेवटही लावून ठेवला होता.

त्या म्हणाल्या, "तीन? पाटल्या चार होत्या."

मी म्हटलं, कागदावर तीनच आहेत.

"बँकेत तीन गेल्या. एक त्याच्या आधीच विकली. दोनशे रुपये आले. ते खिशात घालून गेले हे."

म्हणजे दोनशे रुपये खरे आहेत. @कथेकरी, माफी असावी. एजन्सीला फोन केला, पहिलं वाक्य ठेवा म्हटलं, फक्त अर्धं पुढे वाढवा. छापायला आईसाहेबांची हरकत नाही, उलट गोठ सोडवून आणले तेव्हाची पावतीही शोधा म्हणाल्या, ती त्यांच्या मते कपाट नंबर सहामध्ये असणार.

कपाट नंबर सहाची किल्ली हरवलेली आहे. कुणाच्या ओळखीत गोदरेजचं जुनं कुलूप न तोडता उघडणारा माणूस आहे का? सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला असेल तर बरं.

सोळा_नंबर

आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. जुना फिटर आहे, पैसे घेणार नाही, जेवण घाला.